कोफीचं ‘आपण’

लक्ष्मक्काच्या माठाखाली एक पुढारी आहे.

खोटं सांगत नाही. माठ हलू नये म्हणून खाली जुन्या कापडाची चुंबळ लागते, आणि या चुंबळीच्या वेढ्यातून एक डोळा, अर्धी मिशी आणि कोटाची कॉलर बाहेर डोकावते. निळ्या-पिवळ्या कापडावर छापलेला माणूस. माठ पाझरतो, पाणी त्याच्या तोंडावरून ओघळतं, वर्षानुवर्षं ओघळतंय. रंग मात्र जात नाही.

परवा पत्रकं वाटत मी आमच्या जुन्या गल्लीत शिरले. पुन्हा निवडणूक आहे, पुन्हा पाण्याचीच पत्रकं आहेत आणि पुन्हा तीच माणसं नव्या चिन्हांवर उभी आहेत. हे लिहितानासुद्धा माझा पेन कागद फाडतो. लक्ष्मक्कानं माझं पत्रक हातात घेतलं, न वाचता खिडकीत ठेवलं आणि तांब्या भरून दिला.

“आधी पाणी पी. तोंड बघ कसं झालंय, वाळल्या मिरचीवानी.”

मी उंबऱ्यावर बसले. पाणी थंड होतं, त्याला ओल्या मातीचा वास होता. घोट घेता घेता तो डोळा दिसला. त्या दिवशी उरलेली पत्रकं तशीच राहिली.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. एक चौक, चौकात नळ, आणि नळापासून फुटलेले तीन बोळ. पहिला तेलुगू विणकरांचा. तिथं लक्ष्मक्का राहायची. नवऱ्यामागे विड्या वळून तिनं मुलांना शिकवलं, मुलं पुण्याला गेली, तशी वरची खोली भाड्यानं द्यायला लागली. दुसरा बोळ आमचा, घरात कन्नड आणि दारात मराठी. आई वळसंगची, भांडण रंगलं की हमखास कन्नडात जायची. तिसऱ्या बोळात दखनी, आणि तिथल्या रझियाखालाचा आवाज तिन्ही बोळांना पुरायचा.

पहाटेपासून मागांचा खडखडाट. तो इतका अंगवळणी की वीज जाऊन माग थांबले की झोप मोडायची. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तेंदूपानांचा वास, दुपारी कुणाच्या तरी घरी शेंगाचटणी कुटताना उठणारा लसणाचा ठसका. आणि या सगळ्यावर पाण्याचा दिवस. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. उजनी भरलेली असो की आटलेली, आमच्या नळाला रोज पाणी नसायचं. पाण्याच्या दिवशी आधी नळातून नुसता वारा यायचा, शीळ घातल्यासारखा. ती शीळ कानावर पडली की अख्खी गल्ली अंथरूण टाकून उठायची. घागरी, बादल्या, निळी पिंपं, कुणाचं तरी दुधाचं पातेलंसुद्धा.

मी बारावीत असताना या आवाजांत कोफी येऊन राहिला.

घानाचा. पश्चिम आफ्रिकेतून शहराबाहेरच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला आलेला, होस्टेलच्या जेवणाला वैतागून खोली शोधत फिरणारा. बऱ्याच घरांनी ‘कुठला तू?’ असं विचारलं आणि उत्तर ऐकून दार लावलं. लक्ष्मक्कानं नाव विचारलं.

“कोफी? म्हंजे काय?”

“शुक्रवारी जन्मलेला,” तो मोडक्या हिंदीत म्हणाला. त्यांच्याकडं वारावरून नाव ठेवतात.

“मग बरोबर गावात आलास की! हितं पेठाच वाराच्या हायेत. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ. जा, वर जा. पंखा तेवढा जरा बोंबलतो.”

त्याच्या बॅगेतून पहिलं निघालं ते हे कापड. खाटेवर अंथरायला आणलेलं, आणि सबंध कापडभर एकाच माणसाची तोंडं, ओळीनं. त्याच्या देशात निवडणुकीला उमेदवार आपलं तोंड छापलेलं कापड वाटतात आणि बायका त्याचे झगे शिवतात. लक्ष्मक्का विणकराची लेक. तिनं आधी पोत चाचपला.

“कापड बरं हाय. माणूस कोण ह्यो?”

“चोर,” कोफी म्हणाला. तोवर त्याला येणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांत हा एक होता.

“रंग जातो का?”

“नाही.”

“मग पक्का चोर हाय.”

त्याच्या आईची बाजारात कापडाचीच टपरी होती. निघताना तिनं हे दिलं आणि सांगितलं होतं, कापड चांगलं आहे, माणूस नाही. त्याच्यावर खुशाल झोप.

संध्याकाळी गच्चीवर मी त्याला मराठी शिकवायची, तो माझं इंग्रजी सुधारायचा. मध्ये भाजक्या शेंगांची पाटी. शेंगाचटणी तर तो भाताबरोबर, भाकरीबरोबर, केळ्याबरोबरसुद्धा खायचा. आईच्या शेंगदाण्याच्या रश्शाची आठवण येते म्हणायचा. वाचायला मी त्याला वर्तमानपत्र द्यायची. उजनीच्या कालव्याच्या बातमीत त्याला ‘पाणीपाळी’ हा शब्द सापडला आणि फार आवडला. दुसऱ्याच दिवशी भर नळावर, सगळ्या बायकांसमोर, त्यानं लक्ष्मक्काला हात जोडून विचारलं, “अक्का, तुमची पाळी कधी?”

नळ वाहत राहिला, बाकी सगळं थांबलं. रझियाखाला पालथ्या बादलीवर बसून हसली. लक्ष्मक्का काही हसली नाही. शांतपणे म्हणाली, “बाबा, ती जाऊन लई वर्सं झाली. आता फकस्त पाण्याचीच ऱ्हायली.”

त्या दिवसापासून नळावर त्याच्या बादलीसाठी जागा सुटायला लागली.

खरी फजिती केली ती ‘आपण’नं. इंग्रजीत एका शब्दात भागतं. मराठीत दोन लागतात. ‘आम्ही’ म्हणजे तुला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुला धरून. वर पुन्हा एखाद्या मोठ्या माणसाला मान द्यायचा तर त्यालाही ‘आपण’च. आपण बसा, आपण बोला. कोफीनं डोकं धरलं. जिन्यात विड्या वळत बसलेली लक्ष्मक्का खालून ओरडली, “आमच्यात पण हाय की! मनम् म्हंजे तुला घिऊन, मेमु म्हंजे तू भाईर.” आई मला हाक मारायला आली होती, ती म्हणाली, “आमच्या कन्नडात एकच, नावु. आत कोण न् भाईर कोण, ते समोरच्याच्या तोंडाकडं बघून कळतंय.”

सगळे हसलो. कोफी हसला नाही. शेंग फोडत बसला. मग हळूहळू, इंग्रजी आणि मराठी मिसळून, त्यानं सांगितलं.

आई एवे, बाप अकान. दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळे समाज. कोफी हे नाव दोन्हीकडं चालतं, म्हणून नुसत्या नावावरून पत्ता लागायचा नाही. लोक मग आडनाव विचारायचे. इथं मी मान खाली घातली. आडनाव विचारून माणूस तोलायची विद्या आम्हाला काही परक्यांनी येऊन शिकवलेली नाही.

“आईचे लोक म्हणतात, मूल बापाच्या कुळाचं. बापाचे लोक म्हणतात, मूल आईच्या कुळाचं. दोन्हीकडे जुना नियम आहे. दोन्हीकडे नियम बरोबर आहे.” त्यानं टरफल खाली टाकलं. “मग मी कुठल्या ‘आपण’मध्ये?”

त्याचं गाव एका अजस्र धरणाच्या काठावर. उजनीपेक्षा कितीतरी मोठं पाणी, आणि काठच्या घरांत नळ कोरडे. कापडावरच्या माणसानं तांदूळ वाटला, कापड वाटलं, रस्ता कागदावर दोनदा बांधला आणि पैसे खाल्ले. बोंब झाली तेव्हा त्याच्या समाजाचे लोक म्हणाले, चोर असेल, पण आपला चोर आहे. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ज्या बाजारात कोफीची आई इतकी वर्षं कापड विकत होती, तिथल्या त्याच समाजाच्या शेजारणींनी तिला विचारलं, “तू अजून इथंच?”

“मारलं नाही कुणी,” कोफी म्हणाला. “नुसतं विचारलं.”

खाली कुणाच्या तरी मागाचा धोटा अडकला असावा. एक आवाज थांबला आणि बाकीचे जास्त मोठे वाटायला लागले.

मग आमच्याकडं निवडणूक लागली. नाव घेत नाही, सगळे त्यांना ‘भाऊ’ म्हणत. भाऊंनी टॉवेल वाटले, आणि सोलापूरचे टॉवेल म्हणजे नाव नुसतं छापलेलं नाही, काठात विणलेलं. तेलुगू बोळात भाऊंची माणसं म्हणाली ‘मनवाडु’, आमच्या बोळात म्हणाली ‘नम्मव’, तिसऱ्या बोळात ‘अपना आदमी’. एकच माणूस, तीन भाषांत आपला! आणि जाताना प्रत्येक बोळाच्या कानात एक वाक्य सोडून गेली: तुमचं पाणी शेजारचा बोळ चोरतो, रात्री मोटरी लावतात ते.

त्याच महिन्यात पाण्याचे दिवस लांबले. नळाला शीळ यायची आणि मागोमाग करंगळीएवढी धार. भाऊंच्या मेव्हण्याचे टँकर मात्र तुडुंब भरून चौकातून जायचे, मागं ओली रेघ सोडत. ती रेघ सगळ्यांना दिसायची. पण भांडण टँकरशी झालं नाही, भांडण एकमेकींशी झालं. रझियाखालाची घागर कुणीतरी रांगेतून लाथेनं उडवली. ती कशी घरंगळत गेली, तो पत्र्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. आईनं लक्ष्मक्काकडचं विरजण आणणं बंद केलं. नळावरचं हसणं थांबलं. एरवी ज्या नळावर लग्नं जमायची, तिथं बायका पाठ करून उभ्या राहायला लागल्या.

कोफी वरून बघत बसायचा. एकदा मला म्हणाला, “मला एक कळलं. ‘आपण’ हा निवडणुकीचा शब्द आहे. रिक्षाच्या भोंग्यावर आपण. नळावर आम्ही.”

मी त्याला व्याकरण समजावायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. त्याचं काय चुकलं होतं?

चौकात भाऊंची सभा झाली. संध्याकाळची वेळ, नुकतीच मागांची पाळी सुटलेली, अंगाखांद्यावर कापसाचे तंतू घेऊन माणसं उभी. बायका आपापल्या बोळाच्या तोंडाशी, वेगवेगळ्या. भाऊंना गर्दीत कोफी दिसला. पुढाऱ्याला असा मोका सोडवत नाही.

“आपल्या वॉर्डात सातासमुद्रापलीकडचे पाहुणे येऊन राहतात! ही आपली एकी! या पाहुणे, दोन शब्द बोला.”

कोफी नको नको म्हणत होता. पोरांनी त्याला पुढं ढकललं, माईक हातात आला. त्यानं घसा खाकरला. मी त्याच्याकडं बघत होते.

“तेलुगू बोळ म्हणतो, कन्नड बोळ पाणी चोरतो,” तो एकेक शब्द लावत म्हणाला. “कन्नड बोळ म्हणतो, दखनी बोळ चोरतो. मी सगळ्या बोळांत जातो, चहा पितो. कुठंच पाणी नाही. मग पाणी कोण चोरतो?”

कोफीला पुढं म्हणायचं होतं, ‘आपण शोधू या.’ हे त्यानं मला नंतर सांगितलं. पण ‘शोधू या’ ऐन वेळी आठवेना. आणि आपण यजमान नाही, पाहुणे आहोत, याचं भान ठेवून तो अदबीनं भाऊंकडं वळला होता. भाऊंच्या डोळ्यांत बघत, मान जरा लववून, तो म्हणाला,

“आपण...”

आणि अडकला.

मग तिसऱ्या बोळाच्या तोंडाशी रझियाखाला फुटली. “बोल्या! सच बोल्या रे बच्चा!” हसू पसरलं. आधी बायकांत, मग माग सोडून आलेल्या माणसांत, मग भाऊंचे टॉवेल खांद्यावर टाकलेल्या पोरांतसुद्धा. कोफी गोंधळून सगळ्यांकडं बघत होता. पुढचा शब्द शोधत होता बिचारा.

भाऊंच्या माणसानं माईक हिसकावला. कोफीची कॉलर धरली. “ए, कुठला रे तू? पासपोर्ट कुठाय तुझा? उद्या पोलिसात देतो, गठुडं बांधून धाडतो परत!”

हसणं तिथंच थांबलं. कोफीचं तोंड मी विसरणार नाही. ‘कुठला तू’ हा प्रश्न त्याला समुद्रापलीकडून इथवर शोधत आला होता. आणि हे काही उगाच भेडसावणं नव्हतं. परदेशी पोरगा, राजकीय सभेत बोललेला. एक अर्ज गेला असता तर शिक्षण तिथंच संपलं असतं.

लक्ष्मक्का पुढं झाली. विडीच्या तंबाखूनं पिवळी पडलेली तिची बोटं मी त्या माणसाच्या मनगटावर बघितली. भाऊंनी लगेच आवाज मऊ केला. “अक्का, जाऊ द्या, रागावू नका. आपण एका घरातली माणसं.”

“आपण न्हाय,” लक्ष्मक्का म्हणाली. “आम्ही.”

आणि तिनं हात फिरवला. नुसता स्वतःच्या बोळावरून नाही. तिन्ही बोळांवरून.

“ह्यो आमचा हाय. सोड त्येला.”

माझी आई, जी महिनाभर तिच्याशी बोलत नव्हती, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “नम्मव हाय तो,” ती म्हणाली. भाऊंच्या माणसांनी फुकट वाटलेला शब्द तिनं त्यांच्या तोंडावर परत टाकला. रझियाखाला मोकळी घागर कमरेवर घेऊन आली आणि दोघींना लागून उभी राहिली. कॉलर सुटली.

घरी आल्यावर कोफीनं विचारलं, “अक्का ‘आपण’ म्हणाली नाही. रागावली का?”

“नाही रे. ‘आमचा’ म्हणाली. म्हणजे भाऊंना सोडून.”

“आणि मला?”

“तुला धरून.”

तो मोरीत गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. पाण्याची एवढी टंचाई असताना. लक्ष्मक्कानं आणखी एक तांब्या आत सरकवला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बोळांच्या बायका मोकळ्या घागरी घेऊन महापालिकेच्या कार्यालयात जाऊन बसल्या. कोफीला आम्ही नेलं नाही. तो खोलीत कडी लावून बसला होता, लक्ष्मक्काची तशी सक्त ताकीद होती. माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक मी त्या सकाळी लिहिलं. झेरॉक्सच्या दुकानात शाईचा गरम वास येत होता आणि मथळ्याला मला एकच शब्द सुचला: ‘आम्ही’. खाली तिन्ही बोळांची मागणी एकच, ठरल्या दिवशी सगळ्यांना पुरेल एवढं पाणी.

भाऊ निवडून आले. हो, आलेच. पत्रकात असतं तसं बाहेर होत नसतं. टँकरची चौकशी ‘सुरू आहे’, ती माझे केस पांढरे होईपर्यंत सुरू राहील. पण नळाला ठरल्या दिवशी तिन्ही बोळांना पुरेल एवढं पाणी यायला लागलं, आणि नळावर पुन्हा हसणं आलं.

आता तो खडखडाट विरळ झालाय. किती तरी माग भंगारात गेले. रझियाखाला गेली, तिचा आवाज गेला, आणि नळावर बादलीवर बसून हसणारं कुणी राहिलं नाही. विरजण आता दुकानातून येतं. शिक्षण संपवून कोफी परत गेला तेव्हा हे कापड अक्काच्या हातात देऊन गेला. म्हणाला, आता यावर झोपायची गरज नाही.

मी पत्रकं लिहिणारी बाई. उपकार मानायची मला सवय नाही, जाब विचारायची आहे. पण त्या उंबऱ्यावर बसून मला जाब विचारावासा वाटेना. एक शब्द मी पोरपणी फुकट वापरत होते. परमुलखातल्या एका पोरानं तो चुकीच्या जागी अडकून मला खरा करून दिला. आज माझ्या पत्रकात ‘आपण’ लिहायच्या आधी माझा हात थांबतो. कोणाला धरून? कोणाला सोडून? हा थांबलेला हात त्याचा आहे, लक्ष्मक्काचा आहे, रझियाखालाच्या मोकळ्या घागरीचा आहे. देणं फिटायचं नाही, आणि फिटावं असं वाटतही नाही.

“ऐकतीस का?” लक्ष्मक्कानं मोबाइल पुढं केला. “त्याचा निरोप आलाय. मला लावता येत न्हाय, तूच लाव.”

मी बटण दाबलं. मागं बाजाराचा गलका होता, कोंबडा होता, एक बाई कुठल्याशा भाषेत मोठ्यानं भाव सांगत होती. ती त्याची आई. तो म्हणाला, ती अजून तिथंच आहे, त्याच बाजारात, त्याच टपरीवर. आता कुणी विचारलं तर ती म्हणते, हो, इथंच. मग जरा थांबून, जुन्या सवयीनं एकेक शब्द लावत त्यानं विचारलं,

“अक्का, आपल्याकडं पाणी आलं का?”

हे चूक आहे. तो तिथं, आम्ही इथं. व्याकरणानं ‘तुमच्याकडं’ म्हणायला हवं. माझ्यातली मास्तरीण क्षणभर जागी झाली आणि गप्प बसली.

तेवढ्यात चौकातल्या नळाला शीळ आली. बोळातून घागरींचे आवाज सुरू झाले. लक्ष्मक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला, उलट निरोप रेकॉर्ड करायचं बटण माझ्याकडून दाबून घेतलं आणि चालत नळापर्यंत गेली. नुसता मोबाइल नळाच्या तोंडाशी धरून उभी राहिली.